रडकी गोष्ट नको

मी शाळेत होते तेव्हा किशोरवयीन मुलांसाठी म्हणून जे कथासंग्रह यायचे, त्यांत एका मुलाला हमखास पाकीट सापडायचं. तो ते मालकाला नेऊन द्यायचा, मालक त्याची पाठ थोपटायचा आणि गोष्ट संपायची. जळगाव जामोदच्या आसपास इतकी पाकिटं कोणाची पडत होती कोण जाणे, आम्हाला तर कधी एक सापडलं नाही. तरी मी आणि माझी ताई ती पुस्तकं अधाशासारखी वाचायचो, कारण शाळेच्या कपाटात दुसरं काही नव्हतंच. आज मी शाळेत मराठी शिकवते आणि त्याच वयाच्या मुलांसाठी गोष्टी लिहिते. हे सगळं ताईमुळे झालं, हे कोणी न विचारताही मी सांगत असते.

गोष्ट सांगण्यात ताईचा हात धरणारं कोणी नव्हतं. आमचं घर भाजीपाल्याचं. कांदा, वांगी, मिरची. सुट्टीच्या दिवशी आम्हा दोघींनाही निंदणाला जावं लागायचं. निंदणाला बाया ओळीनं बसतात, प्रत्येकीच्या वाट्याला एक पात येते, आणि खुरप्यानं तण काढत सगळ्या सोबतच पुढे सरकतात. ताई मधोमध बसायची आणि त्या आठवड्यात वाचलेली गोष्ट सुरू करायची. टोकाच्या बायांना नीट ऐकू जायचं नाही, मग मधल्या बाया ती पुढे पोचवायच्या.

"काय म्हणे?"

"पाकीट सापडलं म्हणे त्याले."

"मंग, वापस देते का नाही?"

"देऊन राह्यला ना. थांब जराशी."

पात संपायच्या आत गोष्ट संपली पाहिजे, असा तिथला नियम होता. आणि गोष्ट रडकी चालायची नाही. एकदा ताईनं आई मेलेल्या मुलीची गोष्ट पुस्तकात होती तशीच सांगितली, तर शेजारच्या काकूंनी खुरपं खाली ठेवलं. "काऊन व पोरी, दिवसभर उन्हात बसाचं अन् वरून हे ऐकाचं? जिती कर तिले." ताईनं तिथल्या तिथे त्या आईला जिवंत केलं. गावात आलेली बातमीच खोटी होती म्हणे, आई मामाकडे सुखरूप होती. बाया खूश झाल्या आणि काम पुढे सुरू झालं. तेव्हापासून प्रत्येक दुःखी शेवट आमच्या वावरात दुरुस्त व्हायला लागला.

मी तिला चिडवायची, "तुह्या गोष्टीत कोणी मरतच नाही व."

"मरू देत नाहीत ना त्या," ती म्हणायची. "मी काय करू?"

ताई बाळंतपणात गेली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती. पोरगी झाली, खणखणीत रडली, आणि ताईचं रक्त काही थांबेना. मोठ्या दवाखान्यात नेताना ती वाटेतच गेली. गाडी परत दारात आली तेव्हा बाळ माझ्या मांडीवर होतं. पुढचे कितीतरी दिवस मला कोणी काही विचारलं की राग यायचा. अगदी जेवलीस का, एवढं विचारलं तरी यायचा.

पोरगी वाढली जालन्याला लागून असलेल्या देऊळगाव राजाला, तिच्या बाबांकडे. त्यांनी दुसरं लग्न केलं. सावत्र आई म्हटलं की लोकांचे कान टवकारतात, म्हणून आधीच सांगते, बाई चांगली आहे. पोरीची वेणी तीच घालते आणि परीक्षेला जाताना हातावर दहीसाखर तीच ठेवते. उन्हाळ्यात मात्र पोरगी आमच्याकडे येते. आम्ही मले-तुले करणारी माणसं, ती मला-तुला म्हणते, म्हणून माझी आई तिला जालन्याची पाहुणी म्हणते.

वाचनाचं वेड तिनं आईकडून घेतलंय. हाती लागेल तो कथासंग्रह ती फडशा पाडल्यासारखा वाचते आणि नाक मुरडते. "मावशी, हा मुलगा सुधारणार हे मला दुसऱ्याच पानावर कळलं," असं म्हणून पुस्तक बाजूला ठेवते. मला तिचा अभिमान वाटतो आणि थोडी भीतीही वाटते.

मग माझा संग्रह छापून झाला, त्यातली एक गोष्ट मी फक्त तिच्यासाठी लिहिली होती. त्या गोष्टीतल्या मुलीची आई ती तान्ही असतानाच गेलेली आहे. परीक्षेच्या सकाळी मुलगी घाबरून आडावर जाते, तिथे तिला आईचा आवाज आठवतो, आणि ती धीरानं शाळेत जाते. लोकांना ही गोष्ट फार आवडली. एका कार्यक्रमात मी ती वाचली तर पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी रुमाल काढला. पण मला त्या रुमालाशी काही घेणं नव्हतं. पोरीला तिची आई थोडी तरी माझ्या हातून मिळावी, एवढ्यासाठी मी ते पुस्तक केलं होतं. म्हणून पोस्टानं पाठवलं नाही, सुट्टीत आली तेव्हा तिच्या हातात दिलं.

दोन दिवसांनी दुपारी आम्ही दोघी पडवीत वाळल्या मिरच्यांची देठं खुडत बसलो होतो. आई आत स्वयंपाकघरात होती. पुस्तकाचा विषय पोरगी काढेना, शेवटी मीच विचारलं.

"वाचलंस का?"

"वाचलं. चांगलं आहे."

"अन् ती आडावरची?"

तिनं हातातल्या मिरचीचं देठ खुडलं. मग म्हणाली, "ती खोटी आहे, मावशी."

माझ्या गोष्टीला खोटी म्हणणारी ती पहिलीच.

"ती मुलगी एवढीशी होती ना आई गेली तेव्हा? मग आवाज कसा आठवंल तिला?" ती खाली बघूनच बोलत होती. "मला तर काहीच आठवत नाही. मी डोळे मिटून किती वेळा बघितलं, काहीच येत नाही. सगळ्या पुस्तकांत आई गेलेल्या मुलींना काहीतरी आठवतं. आवाज नाही तर वास, नाही तर हात. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे. तुझी गोष्ट वाचून आणखीच वाटलं."

वावरातली सवय लागलेली होती मला. रडकी गोष्ट चालायची नाही म्हणून मेलेल्या आईला मी थोडं जिवंत केलं होतं, आणि जिची आई खरोखर मेली तिच्याच हातात ते नेऊन दिलं होतं. मला फार वाईट वाटलं. तसं तिला सांगितलंही. ती म्हणाली, जाऊ दे.

मग तिनं विचारलं, "कसा होता गं तिचा आवाज?"

"मोठा होता."

"मोठा म्हणजे? तुझ्यासारखा?"

"माझ्यासारखा नाही. थांब, करून दाखवते."

ताई गोष्ट कशी सुरू करायची ते मला पाठ होतं. मी तसंच म्हणून बघितलं, "ऐका व बायांनो, एका गावात एक पोरगं होतं." माझा वर्गात बोलायचा आवाज आला. पुन्हा म्हटलं. तोच आला. ताईचे शब्द सगळे जागच्या जागी होते. ती कुठे थांबायची, कुठे हसायची, तेही मला आठवत होतं. आवाज मात्र नव्हता. तो कधी गेला ते मला कळलंच नव्हतं, जाऊन राह्यला हेही कळलं नव्हतं. त्या काळी आमच्या घरी एक साधा फोन होता, बोलण्यापुरता. कोणाचा आवाज साठवून ठेवावा, असं तेव्हा कोणाच्या मनात आलं नाही.

"मलेही नाही आठवत, बाई," मी म्हणाले, आणि मला रडू आलं. हात तिखटाचे, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. तिनं तिच्या ओढणीनं माझे डोळे पुसले. तिला वाईट वाटलं असेल, पण सरकून ती माझ्या अंगाला टेकून बसली, तशी ती लहान असतानाच बसायची.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "आजीला विचारू?" आणि उठायलाच लागली.

मी तिचा हात धरला. "नको."

"कामून?"

मी तिचा हात सोडला नाही. ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिली. आत भांडी लावल्याचा आवाज येत होता. मग ती खाली बसली आणि अगदी हळू म्हणाली, "आजीलाही नसंल आठवत. आणि ते तिला माहीत नसंल."

मी मान हलवली. आम्ही पुन्हा मिरच्या हातात घेतल्या, पण खुडत कोणीच नव्हतं. तेवढ्यात आईनं आतून विचारलं, "चहा ठेवू काय व पोरींनो?" आणि कितीतरी वेळ आमच्यातल्या एकीलाही उत्तर देता आलं नाही.