मकारियोचा खर्ज

गुड फ्रायडेला ख्रिस्ताची मूर्ती क्रूसावरून उतरवताना आमच्या गावात एकच गाणं असतं. लॅटिनमधलं, चार आवाजांचं, चारशे वर्षांपलीकडचं. चार घरांकडे एकेक आवाज. बापाने लेकराला द्यायचा, उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही. रचलं कुणी, हे मात्र विचारू नका. चारही घरं आपल्याच पूर्वजाचं नाव सांगतात, त्यापायी ठरलेली लग्नं मोडली आहेत. पाद्रीबाबा म्हणतात, स्पेनहून आलं असेल. त्यांना कोण विचारतो?

टिपेचा आवाज आमच्या घरचा, खर्ज कौलं भाजणाऱ्या मकारियोचा. असा हेकट माणूस मी दुसरा पाहिला नाही. भट्टीवर गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्या पूर्वजाने गाणं कसं रचलं ते ऐकायचं, मग कौलं मिळायची.

त्याला मूलबाळ नव्हतं आणि भट्टीच्या धुराने छाती गेली होती. यंदा उपवासाचे दिवस सुरू झाले तसा तो आमच्या अंगणात आला. मोठ्या बाईला नान, मोठ्या पुरुषाला तात म्हणायची आमची रीत.

"नान निकोलासा, तुझा जावई दे मला."

"घेऊन जा, तात. खातो फार."

तो हसला नाही. "त्याला खर्ज शिकवतो. लहानपणी बापाला चिकटून उभा राहिलो, मग स्वतः गायलो. कानात कायम खर्जच. सगळं गाणं मी एकदाही ऐकलं नाही गं. मरायच्या आत ऐकायचंय."

"दोन आवाज माझ्या घरात आले तर गाव म्हणेल, गाणंही हिच्याच घरचं."

"म्हणू दे," तो म्हणाला. दाढ उपटल्यासारखा चेहरा झाला होता त्याचा.

मग रोज भट्टीपाशी शिकवणी. नुसता खर्ज ऐकायला कंटाळवाणा. जावई लिसांद्रो वैतागला, "तात, हे गाणं आहे की बैलाचं हंबरणं?"

"बैल मिळालाय म्हणून तर शिकवतोय. हंबर."

गुड फ्रायडेला मकारियो दाराजवळच्या बाकावर बसला, टोपी मांडीवर घेऊन. मी सुरुवात केली. मधले दोन आवाज आले. खर्ज सगळ्यात शेवटी येतो. लिसांद्रोने श्वास घेतला. खर्ज लागला आणि सगळं देऊळ खालून कुणीतरी उचललं असं वाटलं. इतकी वर्षं गाते, तरी त्या जागेची मला भीती वाटते. एवढं अफाट काही आपल्यासारख्यांच्या तोंडून निघतं कसं?

मूर्तीमागे लोक बाहेर पडले. मकारियो जागचा हलला नव्हता. मी जवळ गेले.

"चुकला का कुठे जावई?"

"खर्जाकडे लक्षच गेलं नाही गं."

त्याने माझं मनगट धरलं.

"नान," तो हळूच म्हणाला, "कुणी रचलं असेल हे?"

आमच्या पूर्वजाचं नाव जिभेवर आलं होतं. ते उच्चारवेना. मी त्याच्या शेजारी बाकावर बसले.