मोसंबीची बाजू

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वऱ्हाडी शेजाऱ्यांइतका मनापासून चिडणारा माणूस त्या काळी अख्ख्या वाशीत दुसरा नव्हता. ऐंशीनंतरची ती वर्षं. सोसायटी नवी, पाणी वर चढत नसे, बस वेळेवर येत नसे. चिडायला कारणांचा तोटा नव्हता. पण असल्या किरकोळ गोष्टींवर ते राग वाया घालवत नसत. त्यांचा राग राखीव होता मोसंबीसाठी! फळांच्या निर्यातीच्या नोंदी ठेवणाऱ्या एका कचेरीत ते कारकून होते. विदर्भातून किती संत्री परदेशी गेली आणि मराठवाड्यातून किती मोसंबी, याचा वर्षावर्षाचा आलेख त्यांनी घरी देवांच्या तसबिरींशेजारी चिकटवला होता. संत्र्यांची केशरी रेघ दरवर्षी खाली येई, मोसंबीची हिरवी वर चढे आणि तिच्याबरोबर यांचा आवाजही चढे. एकदा ते तापाने फणफणले असताना माझी बायको मोसंबीचा रस घेऊन गेली, तर पांघरूण फेकून ताडकन उठून बसले. "वहिनी, मले विष द्या, पन हे नका देऊ!"

अशा माणसाच्या कचेरीने एका वर्षी अहवाल छापला आणि त्यात दोन्ही प्रांतांचे रकाने उलटे पडले. चढती रेघ विदर्भाच्या नावावर! त्या अहवालावरूनच निर्यातीच्या फळांसाठी शीतगृह मंजूर झालं, तेही यांच्याच गावाला, यांच्या थोरल्या भावाच्या बागेला लागून. मी पेढे मागायला वर गेलो. हे आलेखासमोर उभे.

"चोरी आहे हे, चोरी! झाडं जगवली मोसंबीवाल्यायनं अन् शीतगृह आमाले?"

"अहो, पण तुमच्याच गावाचं भलं होतंय ना?"

"म्हनून तं जास्त लाज वाटते ना बाप्पा!"

दुसऱ्या दिवशी साहेब त्यांना म्हणाले, "छापून झालंय. फळ ते फळ. कशाला टेन्शन घेता?" फळ ते फळ! हे शब्द ऐकून ते जे पेटले, ते वर्षभर विझले नाहीत. रोज एक अर्ज, खाली सही, सोबत मूळ तक्त्याची नक्कल. साहेबांनी बढती अडवली, टेबल जिन्याखाली हलवलं. हे जिन्याखालून अर्ज लिहीत राहिले. शेवटी अहवालाला दुरुस्तीची चिठ्ठी लागली आणि शीतगृह मराठवाड्यात गेलं. तिकडून आभाराचं एक अक्षरही आलं नाही. भावाचं मात्र पोस्टकार्ड आलं, एका ओळीचं: 'आजपासून तू आमचा नाहीस.'

ते वाचून माझंच डोकं फिरलं. "चांगलं खरमरीत उत्तर लिहा त्यांना!" मी म्हणालो. ते माझ्यावरच उसळले. "काय लिहू? तिकडं त्याचा माल सडून राह्यला! त्यानं चिडू नये तं कोनं चिडावं?"

पुढच्या उन्हाळ्यात त्या भावाच्या मुलीचं लग्न झालं. लहानपणी हिला यांनीच खांद्यावर बसवून बागेतून फिरवलं होतं. आमंत्रण आलं नाही. तारीख कुणाकडून तरी कळली. त्या दिवशी यांनी रजा टाकली, इस्त्रीचा सदरा घातला आणि सकाळपासून गॅलरीत बसून राहिले. मी जाऊन शेजारी बसलो. खाली एका ट्रकवाल्याने आमच्या फाटकाला धडक दिली, वर हुज्जतही घातली. मी यांच्याकडे पाहिलं. ते घड्याळाकडे पाहत होते.

"आता अक्षता पडल्या असतील," ते म्हणाले.

त्या दिवशी ते कुणावरच चिडले नाहीत.