भांडा बी तापल ना?

मी हायस्कूलात विज्ञान शिकवतो, म्हणून आधीच सांगतो — भूतखेत, भगत, अंगात येणं, यातलं काहीही मी कधी मानलं नाही. वर्गात असे विषय निघाले की मुलांना गप्प बसवत आलो. पण एक गोष्ट माझ्यापाशी आहे... बायकोलाही सांगितलेली नाही. या सदरातले लोकांचे अनुभव वाचतो आणि दर वेळी अंक मिटून ठेवतो. आज लिहूनच टाकतो. नीट जमेल असं नाही.

जव्हार संस्थान विलीन झालं तेव्हा माझे वडील तिथल्या एका कचेरीत कारकून होते. पुढे काहींना नव्या सरकारात घेतलं, वडिलांना घेतलं नाही. ते घरीच बसले. तरी रोज सकाळी आंघोळ करून, टोपी घालून ओट्यावर तयार असायचे. कुठे जायचं नसायचं. मी मॅट्रिकच्या वर्गात पोचलो तरी त्यांचं ते टोपी घालणं सुटलं नव्हतं.

वर्गात आम्ही तिघं एकत्र अभ्यास करायचो. मी, वाण्याचा दत्तू आणि सोमा. सोमा खोडाळ्याच्या पलीकडच्या पाड्यावरचा, वारल्याचा मुलगा, गावातल्या वसतिगृहात राहायचा. पदार्थविज्ञानाचं पुस्तक तिघांत एकच. म्हणून आम्ही एक पद्धत काढली होती — धडे वाटून घ्यायचे, आपला धडा आपण पक्का करायचा आणि बाकीच्या दोघांना शिकवायचा. 'प्रकाश' सोमाकडे, 'उष्णता' माझ्याकडे, 'चुंबक' दत्तूकडे. दत्तूचं चुंबक काही कुणाला चिकटलं नाही, ते सोडा.

सोमा शिकवायचा वसतिगृहाच्या मागच्या भिंतीवर. शेणाने सारवलेली भिंत. खडू मिळायचा नाही, म्हणून तो तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचा, बांबूची काडी चावून तिचा कुंचला करायचा आणि भिंग, किरण, उलटी प्रतिमा असं सगळं पांढऱ्या रेघांत काढायचा. त्यांच्यात लग्नाच्या भिंती बायका लिहितात ना, तसं.

"अरे सोमा, हे बायकांचं काम!" दत्तू चिडवायचा. "आता नवरा-नवरी पण काढ."

"काढतां ना. तुना नवरी कोन देईल तं बघ आंदी."

मला प्रकाश समजला तो त्या भिंतीवर. पुस्तकात नाही.

प्रिलिमच्या आधी हेडमास्तरांनी वर्गात सांगितलं — या परीक्षेत पदार्थविज्ञानात जो पहिला येईल त्याचं नाव मुंबईच्या एका ट्रस्टकडे कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी पाठवणार. एकच नाव. सगळ्यांनी सोमाकडे पाहिलं. मीही पाहिलं. घरी गेलो तर वडील टोपी घालून ओट्यावर.

त्याच आठवड्यात माझा धडा शिकवायची पाळी होती. तापलेला धातूचा तुकडा थंड पाण्यात टाकतात, पाणी किती तापेल ते काढायचं — ती गणितं. पाणी तांब्याच्या भांड्यात असतं. तुकडा जी उष्णता देतो ती पाणी घेतं आणि भांडंही घेतं. दोन्ही धरली तरच उत्तर येतं. मी दत्तू-सोमासमोर गणित मांडलं आणि भांडं गाळलं.

चुकून नाही. हे लिहायलाच एवढी वर्षं गेली... चुकून नाही.

सोमाने काडीने गणित भिंतीवर उतरवून घेतलं. मग म्हणाला, "पन भांडा बी तापल ना?"

"तापेल. पण ते धरायचं नाही."

"कां?"

"पुस्तकात तसंच आहे."

पुस्तक माझ्याच मांडीवर होतं. तो हात पुढे करता तर पान उघडावं लागलं असतं. त्याने हात पुढे केला नाही. "तू सांगतंस तं तसा," म्हणाला आणि काडी धुवायला गेला. दत्तूला काय, दोन्ही सारखंच होतं.

दोन-चार दिवसांत सोमाला हिवताप भरला. चुलता येऊन त्याला लाकडाच्या लॉरीतून मोखाड्यापर्यंत आणि पुढे पाड्यावर घेऊन गेला. लॉरीत चढताना सोमाचे दात वाजत होते. मला म्हणाला, "परीक्सेला येतां मी. जागा धर माजी." आता तरी सांगावं, असं वाटलं. लॉरी सुटेपर्यंत वाटतच राहिलं.

पदार्थविज्ञानाचा पेपर सकाळचा होता. थंडी होती, खिडकीतून ऊन नुकतं बाकांवर येत होतं. माझ्या मागचा बाक सोमाचा — रिकामा. पेपर हातात आला. उष्णतेचं गणित होतं. तेच — तांब्याचं भांडं, थंड पाणी, तापलेला तुकडा.

मी भांडं धरून गणित मांडायला घेतलं आणि मानेला धग लागली. ऊन दुसऱ्या बाजूला होतं. ताप चढलेलं माणूस अगदी पाठीशी येऊन बसलं की लागते ना, तशी धग. मग पिठाच्या पाण्याचा तो आंबूस वास. आणि कानामागे, अगदी हळू —

"पन भांडा बी तापल ना?"

माझा टाक थांबला. मागे वळलो नाही. नुसतं 'हो' म्हणायचं होतं... एवढा एक शब्द. मी ओठ घट्ट मिटून बसलो.

"कोण बोलतंय तिकडे?" सुपरवायझर मास्तर खुर्चीतून उठून ओरडले. "शेवटचा बाक! कुजबुज बंद!"

ते माझ्या डोक्यावरून मागे बघत होते. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. चष्मा काढून पुसला, परत बघितलं आणि खाली बसले. धग कमी होत गेली. मी गणित पुरं केलं. बरोबर आलं.

नंतरच्या आठवड्यात सोमाचा चुलता त्याची पेटी न्यायला आला. पेपराच्याच दिवशी सकाळी, अंगणात ऊन आलं तेव्हा पोरगा गेला, म्हणाला. वसतिगृहाच्या पायरीवर बसून त्याने मलाच विचारलं, "तू त्याचा दोस्त ना? तापात येकच इचारत होता — भांडा बी तापल ना, भांडा बी तापल ना. आमी घरातलीं सगळीं भांडीं आनून ठेवलीं त्याच्यापुढं. मी हात लावून सांगला, नाय रं पोरा, गार हाय. त्याला काय पटना. कंचा भांडा रं तो?"

मी म्हणालो, माहीत नाही.

शिष्यवृत्ती मला मिळाली. वडिलांनी पेढे वाटले, टोपी घालून.

पुढे मी दुसऱ्या जिल्ह्यात शिक्षक झालो. 'उष्णता' हा धडा मी कधी शिकवत नव्हतो, दुसऱ्या शिक्षकांशी बदलून घ्यायचो. मनाचे खेळ असतील, असं स्वतःला सांगून बघितलं. तीन वर्षांपूर्वी दत्तू भेटला, आता त्याचं जव्हारला मोठं दुकान आहे. सहज विचारल्यासारखं त्या पेपराबद्दल विचारलं. तो म्हणाला, "मास्तर ओरडले ना? आठवतंय की. मला तर वाटलं तूच बोललास!"

त्यावरही मी पुष्कळ विचार केला. पण सोमाची बोली मला कधी बोलता आलेली नाही. इथे त्याची वाक्यं लिहितानासुद्धा ती तंतोतंत आलेली नाहीत, हे मला कळतंय.

गेल्या हिवाळ्यात जोडीचे शिक्षक रजेवर गेले आणि तो धडा माझ्यावर आला. टाळता येईना. भर दुपारचा तास. टेबलावर तांब्याचं भांडं, थंड पाणी. चिमट्यात तापलेला तुकडा धरून मी तो पाण्यात सोडला, चर्र झालं — आणि मानेला धग. माझ्या मागे फक्त फळा होता. मुलं सगळी समोर.

"पन भांडा बी तापल ना?"

सोळा-सतरा वर्षांच्या पोराचाच आवाज. माझे केस पांढरे झाले, तो तेवढाच.

या वेळी मी बोललो. मोठ्याने, वर्गाकडे तोंड करूनच. "हो. भांडंही तापतं. भांड्याची उष्णताही धरायची. तुझंच बरोबर होतं."

मुलांनी माना खाली घालून उतरवून घेतलं. मागून काही आलं नाही. धग मात्र तास संपेपर्यंत तशीच होती. तेव्हापासून पुन्हा ना आवाज आला, ना धग. त्याला उत्तर पोचलं, की माझ्याकडून ऐकायला फार उशीर झाला म्हणून तो विचारायचाच थांबला — मला माहीत नाही. विज्ञानाच्या माणसाने एवढ्यावर थांबू नये, पण पुढे माझ्याकडे काही नाही.

त्या तासाला पहिल्या बाकावरच्या एका मुलीने पेन्सिल वर धरून विचारलं होतं, "सर, 'तुझंच बरोबर होतं' हे पण लिहायचं?"

"लिही," मी म्हणालो. "ते आधी लिही."