जपानहून आणलेलं हसू

परदेशी गाण्यांचं वेड जबलपूरच्या एका मराठी घरात एकाला असलं तरी पुरतं. आमच्याकडे ते मला आहे. त्यातही मला साधं गाणं चालत नाही. त्याच गाण्याचा एखादा वेगळा, फक्त जपानच्या सीडीवर शेवटी घातलेला प्रकार लागतो. तिकडच्या गिऱ्हाइकांना एक गाणं जास्त मिळतं आणि इकडे मला झोप लागत नाही.

सुरुवात दादापासून झाली. मी कॉलेजात असताना त्याने एका परदेशी गायिकेच्या गाण्यांची कॅसेट भरून आणली होती. पहिल्याच गाण्याआधी ती गायिका खळखळून हसते, मग स्वतःला आवरून गायला लागते. मी ते एकदाच ऐकलं. नंतर कॅसेट गायब झाली, आणि बाजारातल्या एकाही कॅसेटमध्ये ते हसणं नव्हतं. दादा म्हणाला, "अबे, ती काहून हसेल? कान वाजतात तुझे." तेव्हापासून दारावर कोणी हाक मारली म्हणालो तरी माझे कान वाजतात, कुकरची शिट्टी झाली म्हणालो तरी कान वाजतात. माझी सोयरीक जमवतानाही त्याने मुलीकडच्यांना हे सांगून ठेवलं. तीस-एक वर्षं हे ऐकून माणूस कडू होतो.

शेवटी शोध लागला. हसणारं गाणं जपानी सीडीवर होतं, अगदी शेवटी. ती मिळवायला मला काही वर्षं लागली. पार्सल आल्याबरोबर मी दादाला फोन केला, "रविवारी ये. कोणाचे कान वाजतात ते पाहू."

रविवारी सकाळी मी खोव्याची जलेबी घेऊन परतलो, तर सीडी देवघरात पाटावर. उताणी. चकचकीत बाजूवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, वर अक्षता आणि जास्वंद. आमच्याकडे कूलर असो की मिक्सर, पूजेशिवाय वापरात येत नाही.

"आई, हे काय करून ठेवलंस!"

"ओरडून काहून राहिला? त्या बाजूला बाईचा फोटो होता, ही बाजू कोरी होती. दादाच्या तोफांच्या फॅक्टरीत दसऱ्याला तोफेला कुंकू लावत होते. तिला काही झालं काय?"

मी घाबरून सीडी शर्टाने खसाखसा पुसली. अक्षतांसकट. तेवढ्यात रांझीच्या आपल्या घरून दादा आला आणि जलेबीकडे वळला.

आधीची गाणी ठीक वाजली. शेवटचं सुरू झालं. ती हसली. आणि तिथेच अडकली. हसतेय, पुन्हा तेच हसतेय, पुन्हा तेच. गाणं काही येईना. पण मला गाणं हवं होतं कशाला? मी चक्क नाचलो. "ऐक! आता बोल!"

दादाने जलेबी खाली ठेवली. "होतं रे ते हसणं. मला माहीत होतं. आईच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करायचं होतं, कोरी कॅसेट नव्हती. तुझीच घेतली. तू बोंब मारशील म्हणून मग..."

मी जे हिंदीत बोललो ते आईसमोर याआधी कधी बोललो नव्हतो. पण आईचं लक्षच नव्हतं. ती प्लेअरकडे टक लावून पाहत होती.

"ही तर माझ्यावाली बाई," ती म्हणाली.

"कोणती बाई?"

"भजनाच्या आधी हसते ती. रोज दुपारी तर लावते मी."

रोज दुपारी. सुट्टीच्या दिवशी तर मी घरातच असायचो, शेजारच्या खोलीत, कानांना हेडफोन लावून इंटरनेटवर जपानच्या सीडी धुंडाळत.

तिने देवघरातून आपला टेप आणला. आतल्या कॅसेटवरही कुंकू होतं. बटण दाबलं, आणि गायिका खळखळून हसली, एकदाच, स्वच्छ. मग खट्ट आवाज आला आणि टाळ सुरू झाले. वरच्या पट्टीत एक आवाज लागला, इतका मोकळा की मी दादाकडे पाहिलं.

"ही कोण रे?" मी विचारलं.

"आई," तो म्हणाला.

आई मान डोलवत होती. तिला आता जिना चढताना धाप लागते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी लपवलं नाही. हसणं आणि लगेच आई, असं रेकॉर्डिंग जपानातही कोणाकडे नसेल. मी पहिल्यापासून पुन्हा लावलं, आणि या वेळी हसणं नीट ऐकायचं राहूनच गेलं.