उजव्या हाताचा मोजा

आमची टायर कंपनी परदेशी असली, तरी या भागातल्या कारखान्यांचे नियम पुण्याच्या आमच्या ऑफिसातून निघतात. हातमोजे सक्तीचे, हे पत्रक माझंच. तेच तपासायला कारखान्यात गेले, तर तपासणीच्या शेवटच्या टेबलावर जुने कामगार सावंतमामा उजवा मोजा खिशात खोचून प्रत्येक टायरच्या आतून उघडा तळवा फिरवत होते. तापलेल्या लेकराचं कपाळ बघावं तसा.

“मामा, मशीननं पास केलाय ना? मग मोजा का काढलात?”

“मॅडम, मोज्यातून बारीक फुगवटा कळत नाही. आणि हा कुणाच्या गाडीला लागणार, आपल्याला कुठं ठाऊक? म्हणून सगळेच घरचे समजायचे.”

मी अहवालात ‘पातळ मोजे द्यावेत’ एवढंच लिहिलं.

परतताना घाटात एरवी स्टिअरिंग घट्ट धरणारी मी त्या दिवशी निवांत होते. माझ्या चारही चाकांतून असाच कुणाचा तरी हात फिरला असेल. किती अनोळखी माणसं आपली काळजी आधीच करून ठेवतात, आणि आपल्याला पत्ताही नसतो!

घरी पोचल्यावर वाकून टायरला तळवा लावला. अजून गरम होता. हात काळा झाला. धुवायची मला मुळीच घाई नव्हती.