गोटमारीच्या दिवशीची तारीख

राग आला की मी भांडी घासायला बसते. घासलेलीही पुन्हा घासते. या गोष्टीला मात्र घरातली भांडी पुरली नाहीत, म्हणून आता लिहून राहिले.

आमचं घर सावरगावात. नदीचा पूल ओलांडला की पांढुर्णा, आणि बसस्टँड, स्टेशन, बाजार सगळं तिकडंच. माझी नात आठवीत होती, पण दिसायची तिसरीतली. प्रार्थनेच्या रांगेत नेहमी सगळ्यात पुढं. नवीन मास्तर आला की तिला लहान पोरींच्या वर्गाकडं पिटाळायचा. ती कोणाला काही बोलायची नाही. घरी आली की पाट घ्यायची, त्यावर उभी राहून दाराची वरची कडी काढायला पाहायची, आणि हात नाही पोचला की पाट गुपचूप भिंतीला लावून ठेवायची.

आम्हीही आधी सगळ्यांसारखंच म्हटलं, वाढेल हळूहळू, काही पोरी उशिराच वाढतात. शेवटी सौंसरच्या डॉक्टरनं नागपूरला पाठवलं, माझ्या सुनेचं माहेर सौंसरचं, तिथं दाखवलं होतं म्हणून. नागपुरात मनगटाचा फोटो काढला, रक्त काढलं, तासनतास बसवून ठेवून पुन्हा काढलं. मग सांगितलं, मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिच्यातून वाढीचं हार्मोन निघतं, ते हिच्या अंगात निघतच नाही. बाहेरून टोचावं लागेल, आणि आत्ताच. हाडांची टोकं एकदा बंद झाली की मग कितीही टोचा, पोरगी आहे तेवढीच राहणार.

ते औषध विकत घेणं आमच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती. पण त्याच दवाखान्यात एका नवीन औषधाचा अभ्यास चालू होता. जुनं इंजेक्शन रोज टोचायचं, हे नवीन हप्त्यातून एकदा, आणि दोन्हींत फरक पडतो का ते पाहायचं. पोरगी अभ्यासात आली तर औषध फुकट. अभ्यास शेवटच्या तपासणीपर्यंत पुरा केला तर पुढंही मिळत राहील. आम्ही हो म्हटलं. नाही कोण म्हणेल?

औषधाला मी नावं ठेवणार नाही. पोरगी वाढायला लागली. चपला टोचायला लागल्या. सून तिचे फ्रॉक शिवताना खाली कापड दुमडून ठेवायची, ते सगळं उसवावं लागलं, आणि उसवताना सून गाणं म्हणायची, जी एरवी गाणं म्हणत नाही. एक दिवस पोरगी दारापाशी टाचा उचलून उभी राहिली, पाट न घेता. बोटाचं टोक कडीला लागलं. कडी हलली नाही, पण लागलं.

“आजी, पाह्य ना, बोट लागलं,” ती म्हणाली.

“पाह्यलं वो माय. आता चोर आला तर तूच पयले पळशील दार उघडून.”

मग शेवटच्या तपासणीची वेळ आली. दवाखान्यात तारखा देणारी एक बाई होती, तरुण, फोनवर मोठी गोड. आधी दिलेली तारीख तिनं पुढं ढकलली, कारण मोठे डॉक्टर परदेशात परिषदेला गेले होते. नवीन तारीख ऐकली आणि मी सुनेच्या हातातून फोन घेतला.

“बाई, त्या दिवशी नाही जमत. पोळ्याचा दुसरा दिवस आहे तो, गोटमार राहते आमच्या इकडं.”

“आजी, यात्रा काय पुढच्या वर्षी पण येईल ना.”

“यात्रा पाहाची नाही वो मले. नदीच्या दोन्हीकडून माणसं एकमेकांवर गोटे मारतात, पूल बंद राहते. पोरीले कशी आणू त्याच्यातून?”

“मग पहाटे निघा ना. ही शेवटची तारीख आहे, यानंतर मुदत संपते. आणि उपाशीपोटी आणा हं, फक्त पाणी चालेल.”

आणि हसली. म्हातारीला जत्रेची हौस येऊन राहिली, असं ते हसणं होतं. ते हसणं माझ्या कानातून अजून गेलं नाही.

कोणी म्हणेल, आदल्या दिवशी निघायचं होतं. आदल्या दिवशी पोळा. बैल ओवाळायचा मान आमच्याकडं घरच्या सुनेचा, आणि त्या रात्री तिनं दुसऱ्याच्या घरी झोपायचं नाही. माझ्या सासूनं पाळलं, मी पाळलं. मुलगा नगरपालिकेत, यात्रेच्या दिवसांत त्याला सुट्टी मागायचीही सोय नाही. आणि दवाखान्यात सहीला आई नाही तर बापच लागतो, आजी चालत नाही. आम्ही ठरवलं, पहाटे पूल चालूच राहतो दरवर्षी, गोटे चालायला ऊन वर यावं लागतं. पहिली बस धरू.

त्या वर्षी पूल उजाडायच्या आधीच बंद केला होता. आडवे बांबू, पुढं पोलीस.

“अम्मा, वापस जाओ. आज कोई नहीं निकलेगा.”

मी दवाखान्याचे कागद दाखवले. त्यानं पाहिले, वाईटही वाटलं त्याला, पण सोडलं नाही. आम्ही घरी परत आलो. पोरगी रात्रीपासून उपाशी, तोंड एवढंसं झालेलं. आता जाणंच नाही, तर उपाशी काहून ठेवायचं? पोळ्याची पुरणपोळी झाकून ठेवलेली होती, ती मी तिला दुधासोबत दिली.

ती खाऊन झाली आणि सुनेच्या भावाचा सौंसरहून फोन आला. त्याच्याकडं संत्री वाहायची गाडी आहे. म्हणाला, “ताई, पुलाकडं जाऊच नको. मी मागून, शेताच्या रस्त्यानं येतो, गावाबाहेर उभे राहा.” आला बिचारा, चाकं चिखलात फसवत, शिव्या देत. आम्हाला सौंसरला घेऊन गेला, तिथून नागपूरची बस धरली. दवाखान्यात पोचलो तर तारखा देणारी बाई घरी जायच्या तयारीत.

“काही खाल्लं तर नाही ना?” तिनं पोरीला विचारलं.

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. मी पोरीकडं पाहिलं. पोरगी खोटं बोलत नाही, आम्हीच तशी वाढवली.

“पुरणपोळी,” ती म्हणाली.

“मग आज रक्त घेता येणार नाही. रात्रीपासून काहीच खायचं नव्हतं.”

“उद्या घ्या,” सून म्हणाली. “आम्ही इथंच थांबतो, पायऱ्यांवर झोपतो.”

“मुदत आज संपली ना, ताई.”

संपली. नाव कटलं. पुढचं औषध बंद. मला कोणी म्हणेल, पुरणपोळी द्यायला नको होती. आजही तसंच असेल तर आजही देईन. डॉक्टर परिषदेला गेले तेव्हा तारीख सरकली, आमचा पूल बंद झाला तेव्हा नाही सरकली. त्यांचं काम म्हणजे काम आणि आमचं काम म्हणजे जत्रा.

इंजेक्शन बंद झाल्यावर पोरगी कडीपाशी जाईनाशी झाली. कोणी सांगितलं नव्हतं, तिला आपसूक कळलं. सुनेनं नवीन फ्रॉक शिवला, त्याला पुन्हा खाली दुमड घातली नाही. ते पाहून मी उठले आणि नागपूरला गेले.

मोठे डॉक्टर भला माणूस. खुर्ची दिली, चहा मागवला. मी चहाला हात लावला नाही.

“आजी, मलाही वाईट वाटतं,” ते म्हणाले. “पण एका मुलीसाठी नियम वाकवला, तर बाकी सगळ्या मुलांच्या निकालावर कोणी विश्वास ठेवणार नाही.”

“निकालात नका घेऊ तिले. तिचं रक्त नका मोजू. औषध काहून बंद केलं?”

“ते अभ्यासाशी जोडलेलं आहे.”

“तिची हाडं अभ्यासासाठी थांबून राहिली का?”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “हे माझ्या एकट्याच्या हातात नाही. समिती असते. मी तिच्यापुढं मांडतो. पण वेळ लागेल.”

“वेळच तर नाही ना साहेब. तुम्हीच सांगितलं होतं.”

दिवाळी गेली. संत्र्यांचे ट्रक भरून भरून नागपूरकडं जात राहिले. मुलगा अर्ज करत राहिला, मी फोन करत राहिले, आणि ती गोड बाई दर वेळी सांगत राहिली, समितीची बैठक पुढं गेली. बैठकीला मुदत नव्हती. होळी झाल्यावर औषध पुन्हा सुरू झालं. मनगटाचा नवीन फोटो पाहून डॉक्टर म्हणाले, हाडं अजून उघडी आहेत, वाढेल. पण मधल्या महिन्यांत जी वाढली असती ती उंची गेली का, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी हो म्हटलं. खोटं नाही बोलले, तेवढं त्यांचं मानते.

मागच्या हप्त्यात त्या बाईचा फोन आला.

“आजी, पुढच्या तपासणीची तारीख देते. त्या दिवशी तुमच्याकडं काही नाही ना?”

होतं. पोरीचा शाळेत गणिताचा पेपर होता. मी तसं सांगितलं.

“बरं, मग दोन दिवसांनी या,” ती म्हणाली. हसली नाही, कुरकुर केली नाही. कागद उलटल्याचा आवाज आला आणि झालं.

फोन ठेवला आणि मी पुन्हा भांडी काढली. तेव्हाही तिला एवढंच करायचं होतं. सून म्हणाली, “आई, आता काहून चिडून राहिल्या, चांगलीच बोलली ना ती.” मी घासलेलीच परात पुन्हा घासायला घेतली. तिकडं दारापाशी पोरगी टाचा उचलून उभी होती, बोट कडीला लागून राहिलं होतं आणि कडी अजून निघत नव्हती.