करंजाखालचा माणूस

पालेगावात तेव्हा आमची एकच बिल्डिंग होती आणि समोर एक जुना करंज. त्याखाली रोज सकाळी एक माणूस बसायचा. प्रत्येक शेंग कानाशी हलवायचा, मग बी सोलून पाण्याच्या डब्यात टाकायचा. मला तो बिल्डरचाच माणूस वाटला. झाड निकामी ठरवायला आलेला. एकदा मी दरडावलंच, "काय चाललंय?"

"तरंगते ती पोकळ. झाड म्हातारं झालंय, साहेब. शेंगा ढीगभर धरतं, पण आत बी भरत नाही."

"म्हणजे तोडणार?"

त्याने तळाला बसलेल्या तीन बिया माझ्या हातावर ठेवल्या. "लावा कुठेतरी."

मी त्या खिशात कोंबल्या आणि वॉचमनला सांगून त्याला हाकललं.

दिवाळीआधी रस्त्यासाठी करंज तोडला, तेव्हा मला बिया आठवल्या. बायको म्हणाली, "त्या होय? तुमची पँट भिजवली तेव्हा बादलीच्या तळाशी सापडल्या. फेकल्या मी."